तारीख न देणारा शिंपी

बाकीचे शिंपी तारीख देतात आणि पाळत नाहीत. शेवगावातला आमचा शिंपी तारीख देतच नाही. "कधी मिळेल?" विचारलं की म्हणतो, "बसा, आत्ताच देतो." आपण चहा पीत बसायचं आणि पँट घेऊनच उठायचं. काम जास्त असेल तर तो सरळ नाही म्हणतो, पण "परवा या" म्हणत नाही.

चोरीच्या खोट्या केसमध्ये हा माणूस चार वर्षं जेलात होता. जामीन मिळेना, खटला सुरू होईना. नुसती पुढची तारीख पडायची. शेवटी निर्दोष सुटला.

गेल्या महिन्यात त्याच्या लेकीचा साखरपुडा झाला. अंगठ्या घालून झाल्यावर व्याही म्हणाले, "आता लग्नाची तारीख काढू."

शिंप्यानं हात जोडले. "पाव्हनं, तारीख सोडून काय बी मागा. आत्ताच लावून टाकू."

"अहो, पण नवरदेवाचे कपडे?"

शिंप्यानं आतून नवाकोरा सदरा आणला. पोरगा मुलगी बघायला आला, तेव्हाच यानं नजरेनं माप घेतलं होतं! लेक खुदकन हसली.

बाही तेवढी बोटभर लांब झाली होती. जावई म्हणाला, "राहू द्या, नंतर येऊन करून घेईन."

"नंतर न्हाई," शिंपी मशीनकडं वळला. "बसा जावईबापू, आत्ताच देतो."

भटजी अंतरपाट घेऊन थांबले.