आईचे ब्लाउज आत घेताना

बारामतीतल्या ज्या क्लासमध्ये मी इंग्रजी शिकवते, तिथल्या पुस्तकात ‘टेक इन’ या क्रियापदाला अर्धं पान दिलं आहे. एखाद्याला घरात आसरा देणं, ऐकलेलं नीट उमगणं, एखाद्याला फसवणं, घरी शिवणकाम घेणं आणि सैल कपडा आतून टीप मारून अंगाबरोबर करणं. पाचही अर्थ मी फळ्यावर लिहिते. पहिल्या चारांची वाक्यं मी करून दाखवते, पाचव्याचं मुलांना करायला सांगते.

हा धडा मी पहिल्यांदा तयार केला तो कळसला, आमच्या गावातल्या घरी, आईच्या मशीनशेजारी बसून. पुढच्या खोलीत आई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. मी बारामतीच्या इंग्रजी शाळेत जाऊन-येऊन शिकलेली, त्यामुळे घरातही जरा पाहुण्यासारखी, कमी बोलणारी. आईला मात्र माझ्या पुस्तकांचं कुतूहल असायचं. मी तिला पाच अर्थ सांगितले.

“एका शब्दाला पाच कामं? इंग्रजांकडं शब्दांचा दुष्काळ पडला हुता काय?”

ब्लाउज न्यायला आलेली शेजारची काकू हसली. “ती इंग्रजी ऱ्हाऊ दे. माझा ब्लाउज कधी देतीस? पोरीच्या लग्नात घालायचाय, का नातवाच्या बारशाला देणार हाईस?”

“बारशालाबी चालंल की. आत दोन बोटं माया सोडलीय. तवर तू सुटशीलच.”

माया म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड. आई ती कुणाच्याच ब्लाउजला कमी ठेवत नसे. बाई आज ना उद्या अंगानं भरणार. मग एक टीप उसवली की तोच ब्लाउज पुन्हा येतो. माया कापून टाकणारा शिंपी तिच्या लेखी शिंपीच नव्हता.

पुढच्या वर्षी आईच बारीक होत गेली. पुण्याला तपासण्या झाल्या. कागद इंग्रजीत, म्हणून डॉक्टरांच्या खोलीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मलाही नेलं. दुखणं उपचारांपलीकडे गेलंय, थोडे महिने आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर आई बाकावर बसली होती. तिच्यापर्यंत पोचायच्या आधी अण्णा थांबले.

“तिला कळू द्यायचं न्हाय. धीर सोडंल ती.”

मी मान हलवली. घरी आल्यावर आईला सांगितलं, आतड्याला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. रिपोर्ट वाचता येणारी घरात मी एकटीच होते. तिनं लगेच मानलं.

ब्लाउज तिच्या अंगावर लोंबायला लागले. पायानं मशीन चालवणं तिला झेपेना, म्हणून ते आत घ्यायचं काम माझ्याकडे आलं. ती खाटेवरून सांगायची, “जुन्या टिपंच्या आत एक बोट सोडून मार. आन् कापू नको हां. अंग भरलं की उसवायचंय.” दोनदा मी तसंच केलं. तिसऱ्या वेळी काखेखाली दोन्ही बाजूंना कापडाची जाड घडी जमली होती. आंघोळ घालताना तिच्या बरगडीवर मला लाल वळ दिसले.

दुपारी ती झोपली होती तेव्हा मी कात्री घेतली. पाचही ब्लाउजांची माया कापली, कडा दुमडून हातशिलाई केली. काम छान झालं होतं. आता तिला टोचणार नाही, एवढाच माझा विचार होता.

उठल्यावर तिनं वरचा ब्लाउज घेतला आणि उलटा केला. शिवलेलं काहीही ती आधी उलटं करून बघायची. बोट शिलाईवरून फिरलं, थांबलं. मग दुसरा घेतला. मग तिसरा.

“कापलीस?”

“टोचत होतं ना तुला.”

“टोचत हुतं, व्हय.” तिनं ब्लाउज सुलटा केला, घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “किती दिवस म्हणलं डाक्टर?”

मी नाही म्हणायला हवं होतं. डॉक्टर असं काहीच म्हणाले नाहीत, एवढं एक वाक्य. ते मला जमलं नाही.

“रडू नको. कडा चांगल्या दुमडल्याईस,” ती म्हणाली.

दारात अण्णांची मोटरसायकल थांबली. तिनं ब्लाउज उशीखाली सारले. “त्यांना सांगू नको, मला कळलंय म्हणून. मला ठावं न्हाय, ह्याच आधारावर हायेत ते.”

नंतरचे दोन महिने अण्णा तिला रोज संध्याकाळी सांगायचे की बरी झालीस की मोटरची मशीन घेऊ. आई हुज्जत घालायची. मोटरची नको, धागा तोडती, मला पायाचीच बरी. अण्णा खूश व्हायचे. मी ताट घेऊन मध्ये बसलेली असायचे.

उन्हाळ्यात ती गेली. आता घरात आम्ही दोघंच. जेवताना अण्णा अधूनमधून म्हणतात, “एक बरं झालं. तिला शेवटपर्यंत कळलं न्हाय.”

“हो,” मी म्हणते. खरं सांगितलं तर ती मशीनची हुज्जत त्यांना पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागेल, तिला सगळं ठाऊक होतं हे धरून. अण्णा भाकरीचा तुकडा मोडतात, आणि मी त्यांच्याकडे न बघता कालवण वाढते.