भांडता येईल इतकंच चालणं

चंदाताईला कॅन्सर निघाला, तेव्हा अकोल्यातल्या आमच्या गल्लीला हायसं वाटलं. आता तरी ही गप्प बसेल, असं दोघीतिघी माझ्यासमोर बोलल्या. ब्लाउज शिवणारी ही बाई कुणालाच सोडत नसे. मी तिची शेजारीण. वयानं बरीच लहान, तरी मैत्रीण.

ती गप्प बसली नाही. केमो सुरू असली तरी रोज थोडं चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं तर बसा. चंदाताईचं बोलणं म्हणजे भांडणच. ऊन उतरलं की ती निघायची, मी सोबत.

गल्लीतल्याच मनकर्णाबाईंच्या कूलरचं पाणी रस्त्यावर यायचं. तिथं पोचली की ती सुरू.

“काहून वं, आख्खा रोड तुह्या बापाचा हाये का?”

“बिमार हायेस तं घरी निजून राय ना! कायले मिरवून राहिली?”

“तुह्यावानी निजली तं तुह्यावानीच फुगीन!”

मग माझ्याकडे वळून म्हणायची, “पाह्य, दम लागला नाई. चाल बराबर हाये.”

तिसऱ्या केमोनंतर तिचे पाय जड झाले. मी म्हटलं, आज अंगणातच फिरू.

“म्हणजे ते मनकर्णा खुश,” ती म्हणाली आणि निघाली.

मनकर्णाबाई दारातच होत्या. “आली का टकली!”

“तुह्या...” पुढचा शब्द आलाच नाही. चंदाताईची छाती वरखाली होत होती. मी हात धरला. तो सोडवून ती मनकर्णाबाईंच्याच ओट्यावर बसली.

“उठ! माह्या ओट्यावर नाई बसाचं!”

मला त्या बाईचा गळा धरावासा वाटला. चंदाताई जमिनीकडे बघत राहिली. मनकर्णाबाई थांबेनात. चंदाताईच्या नवऱ्यावरून बोलून झालं, दर्यापूरच्या माहेरावरून झालं. माहेरावरचा शब्द चंदाताईनं आजवर कुणाचा ऐकून घेतला नव्हता. तो तिनं ऐकला. श्वास घेत राहिली. उठली नाही.

छाती शांत झाली तशी तिनं मान वर केली.

“झालं तुहं? आता ऐक. बोलता नाई आलं तं बसा लागते, म्हून बसली. तुह्या ओट्याची हौस नाई मले.”

सगळं एका दमात. मग ती सावकाश उठली. मी रोजच्या फेरीकडे वळले.

“तिकडं नाई. घरी.”

मागं मनकर्णाबाईंनी ओट्यावर बादली ओतली. चंदाताईनं पाणी पडताना पाहिलं. मग घराकडे चालू लागली.

“डॉक्टरले फोन लाव,” घर आल्यावर म्हणाली. “आज एवढा दम काहून लागला, इचार.”