आजोबांचं अमेरिकेचं सर्टिफिकेट

"बापाच्या बसमधून उतरून थेट आत येतेस? आधी हात धुऊन ये."

लायब्ररीच्या मॅडम मराठीत बोलल्या. पुण्याच्या होत्या. बाकीची मुलं अरब, अमेरिकन. त्यांना काही कळलं नाही. अपमान फक्त माझ्यासाठी, माझ्याच भाषेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अबुधाबीतली अमेरिकन शाळा. अब्बा त्याच शाळेची बस चालवायचे, म्हणून मला सवलतीत प्रवेश मिळालेला. अमेरिकेच्या इतिहासाचा प्रोजेक्ट होता. पुस्तकातला उतारा चालणार नाही, सरांनी बजावलं होतं. प्रायमरी सोर्स पाहिजे. म्हणजे त्या काळातला अस्सल कागद. पत्र, डायरी, दाखला, काहीही. नापास झाले तर सवलत जाणार आणि मी रत्नागिरीला परत, हे घरात ठरलेलं.

जुन्या पत्रांच्या प्रती लायब्ररीच्या कुलूपबंद कपाटात होत्या. बाकीच्यांना किल्ली मिळाली. मी हात धुऊन आले, मागणीची चिठ्ठी पुढे केली. मॅडमनी ती दोन बोटांत धरली. लाल शाईत लिहिलं, 'परवानगी नाही. ड्रायव्हरची मुलगी.' खाली सही. वर म्हणाल्या, "तुला कशाला गं अमेरिका? टायपिंग शीक. खलास."

चिठ्ठी मी घडी घालून दप्तरात ठेवली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण रडले नाही.

शहराबाहेरच्या मुसफ्फ्यात, कामगारांच्या वस्तीत, गॅरेजवरच्या आमच्या खोलीत अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. "घाबरतेस कशाला? तुझ्या आज्याचं अमेरिकेचं सर्टिफिकेट हाय की!"

आजोबा खलाशी. दुसऱ्या महायुद्धात जहाजाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. जहाज न्यूयॉर्कला लागलं तेव्हा त्यांना हा कागद मिळाला. वर गरुडाचा शिक्का. गावात त्या कागदाला केवढा मान! आत्यांच्या लग्नाच्या बोलणीत तो पाहुण्यांपुढे ठेवायचे. अब्बांनी तर इथे आणून तो मुसफ्फ्यातल्या एका दुकानात लॅमिनेट करून घेतलेला. इंग्रजी कुणाला येत होतं? सगळ्यांनी शिक्का तेवढा पाहिला.

मी पहिल्यांदाच तो हातात घेतला आणि वाचला. आजोबांचं चुकीचं लिहिलेलं नाव. अंगठ्याचा ठसा. त्याखाली टाइप केलेलं: जहाजावरून उतरण्याची परवानगी नाही. कारण, आशियाई.

"काय लिवलंय?"

मी सांगितलं. लपवलं नाही.

अब्बांनी गरुडाच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तरीच. बापानं न्यूयॉर्कच्या किती गोष्टी सांगितल्या. दिवे सांगितले, उंच बिल्डिंगा सांगितल्या. रस्ता कधी सांगितला नाही."

त्यांनी पेटी बंद केली. कागद माझ्याकडेच राहू दिला.

प्रोजेक्टला जोडायच्या सोर्सच्या यादीवर लायब्ररीची सही लागायची, ती घ्यायला दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. कागद पाहून त्यांचे डोळे चमकले. "अगं, हा तर ओरिजिनल! लायब्ररीत जमा कर. काचेत लावू. तुमच्या घरी कुठे नीट राहणार तो?" हात पुढे आला.

मी कागद मागे घेतला. "आधी हात धुऊन या, मॅडम."

मराठीत बोलले. फक्त त्यांच्यासाठी.

सही मिळाली नाही. सहीशिवाय सरांनी प्रोजेक्ट घेतला नाही. मी नापास झाले, सवलत गेली, रत्नागिरीला गेले. अब्बा मात्र त्याच मॅडमची रोज बसमधून ने-आण करत राहिले. हे मी विसरलेले नाही.

काही वर्षांनी नोकरीसाठी पुन्हा अबुधाबीत आले. पहिल्याच शुक्रवारच्या सुटीत मुसफ्फ्यातल्या त्याच दुकानात गेले आणि लाल शाईची ती चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली.

आता मी कोकणातल्या घरोघरच्या पेट्या उघडते, खलाशांचे कागद गोळा करते. त्याचं पुस्तक होणार. पहिल्या दोन पानांवर दोन कागद असतील, समोरासमोर. एक आजोबांचा, एक माझा. मॅडमचं अक्षर, मॅडमची सही, सगळं जसंच्या तसं. खोडणार काही नाही.

त्या माफी मागायला आल्या तरी छापीन.