वाळवणाची गाडी

बायकोने जाण्याआधी माझ्यावर एकच काम सोपवलं. साउथहॅम्प्टनच्या ज्या हॉस्पिसमध्ये तिचे शेवटचे दिवस गेले, तिथल्या नर्सबाईंनी उशी नीट करून पाठ वळवली, तेव्हा ती मला म्हणाली, "अहो, माझी गाडी यांना द्या. विसराल, वहीत लिहून ठेवा." यांना म्हणजे हॉस्पिसला. मी लगेच लिहून ठेवलं. आयुष्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलेलं, नोंद करणं तेवढं मला नीट जमतं.

आमच्या दारात गाड्या दोन होत्या. निळी तिने तीन वर्षांपूर्वी घेतलेली, रोजच्या वापरातली. दुसरी आमची पहिली गाडी, कधीकाळी पांढरी असलेली. तिचं इंजिन बंद पडून बरीच वर्षं झाली होती. ती आता रस्त्यावर आणणार नाही, असं सरकारला रीतसर कळवलं होतं आणि ती भिंतीला टेकून उभी होती. मला गाडी चालवता येत नाही. टेस्ट तीनदा दिली. तिसऱ्या वेळी परीक्षकाने अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घ्यायला लावली आणि परतीच्या बसचा नंबर सांगितला. तेव्हापासून बायको पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरी न चालणाऱ्या वस्तू दोनच. एक बाहेर उभी असते, एक आत बसून वाचते."

ती नागपूरची. इथल्या उन्हाला ती ऊन म्हणतच नसे. पहिल्या वर्षी तिने मागच्या अंगणात कुरडया वाळत घातल्या, तर अर्ध्या समुद्रपक्ष्यांनी नेल्या आणि उरलेल्या पावसाने. मग एका मे महिन्यात ती काहीतरी शोधायला त्या बंद गाडीत शिरली आणि घामाघूम होऊन हसत बाहेर आली. बंद काचांआड नागपूर तापलं होतं.

त्यानंतर दरवर्षी ती गाडी वाळवणाची झाली. मागची सीट पाडून तिच्यावर कुरडयांचे ट्रे, डॅशबोर्डवर मूगवड्या, मागच्या काचेखालच्या फळीवर ताकातल्या मिरच्या. वाफ जायला काच दोन बोटं खाली. मी पुढच्या सीटवर पुस्तक घेऊन बसायचं आणि दर अर्ध्या तासाने सगळं उलटायचं, अशी माझी नेमणूक. मी उलटायला विसरायचो. ती काचेवर टिचकी मारून म्हणायची, "पान तेवढं बरं उलटता वेळेवर!" शेजारच्या आजोबांनी एकदा फार अदबीने विचारलं, की तुमचे मिस्टर गाडीत का राहतात? घरात काही बिनसलं आहे का? ती त्यांना तळलेली मूठभर कुरडई देऊन आली. पुढच्या वर्षीपासून ते एप्रिल लागला की हवामानाचा अंदाज सांगायला कुंपणाशी यायचे.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी वही उघडली आणि हॉस्पिससाठी गाड्या स्वीकारणाऱ्या संस्थेला फोन केला. पलीकडच्या बाईंनी निळ्या गाडीचा नंबर घेतला, संगणकावर तपासला आणि हळू आवाजात म्हणाल्या की या गाडीवर कर्ज बाकी दिसतंय. लॉगबुकवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बायकोचं नाव असलं, तरी ते गाडी वापरणाऱ्याचं नाव. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक फायनान्स कंपनी. दुसऱ्याची वस्तू दान घेता येत नाही.

घरातले व्यवहार सगळे तिच्याकडे. तिचं बँक खातं बंद झालं आणि हप्ते थांबले, हे माझ्या गावीही नव्हतं. पत्रं मात्र येत होती. तिच्या नावाचं प्रत्येक पत्र मी शब्दकोशांशेजारी उभं करून ठेवत होतो, न उघडता. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही, हे लहानपणीच अंगात मुरलेलं. आणि खरं सांगायचं तर, ती परत येऊन उघडेल अशी माझ्या मनाने कुठेतरी सोय करून ठेवली होती.

लीड्सहून मुलगी आली. तिने एका दुपारी सगळी पत्रं उघडली. शेवटच्यात लिहिलं होतं की कंपनीचा माणूस गाडीसाठी गुरुवारी येईल.

तो आला टाय लावून, बूट पुसून. त्याने आधी दुःख व्यक्त केलं, मग प्रामाणिकपणे सांगितलं की एक तृतीयांशाहून जास्त रक्कम भरलेली असल्याने कोर्टाच्या आदेशाशिवाय तो गाडी ओढून नेऊ शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत जाईन. मी किल्ली दिली. न चालवणाऱ्याने गाडी अडवून ठेवायची कशाला? आतलं सामान काढताना डॅशबोर्डवरचा गणपती निघेना. बायकोने तो असा चिकटवला होता, की अपघातातही हलू नये. मुलीने घरातून लांब वायर ओढून हेअर ड्रायर आणला. ती गणपतीला गरम हवा देत होती, कंपनीचा माणूस टाय खिशात खोचून वायर धरून उभा, आणि मी खाली दोन्ही हात पसरून. गणपती सुटला तेव्हा तिघंही हसलो. घरात इतक्या दिवसांनी कुणी हसलं, ते जप्तीच्या माणसाबरोबर.

पण निळी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मला वहीतली ओळ बोचायला लागली. मुलगी म्हणाली, हॉस्पिसला पैसे पाठवू, काय फरक पडतो? फरक पडत होता. बायकोने पैसे म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी सवयीने जुन्या गाडीत जाऊन बसलो. हिंगाचा वास तसाच होता. वही उघडली. "माझी गाडी यांना द्या." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की नव्या गाडीला तिने कधी माझी म्हटलंच नव्हतं. ती कायम 'निळी'. निळी धुवायची आहे, निळीत पेट्रोल भरायचंय. कर्जाचे कागद तिने स्वतः सह्या करून घेतले होते, तेही बारीक अक्षरांतली शेवटची ओळ वाचून. जे आपलं नाही ते देऊन टाका, असं ती कसं म्हणेल?

समोरचा कप्पा उघडला. प्लास्टिकच्या पिशवीत लॉगबुक, नाव तिचं, कडेला तेलाचा डाग.

मी पुन्हा फोन केला. बाई त्याच. कर्ज? नाही. चालते का? नाही. चाकं चारही आहेत का? आहेत, हवा नाही. तुम्ही इस्टेटीचे एक्झिक्युटर, म्हणजे त्यांच्या मागे व्यवहार पाहणारे, आहात, याचा कागद आहे ना? आहे. त्या म्हणाल्या, अशीही चालते, आम्ही ती मोडीत काढू आणि येईल ते हॉस्पिसला देऊ. मी विचारलं, दात्याच्या जागी तिचं नाव घालता येईल का? घालता येईल म्हणाल्या.

मुलगी सगळं ऐकत होती. "म्हणजे बाबा, आपला तो चांगला कार आपला नव्हता, आणि हा भंगार आपला?" असं तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणून ती पायरीवर बसून हसत राहिली, डोळे पुसेपर्यंत.

ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरने दार उघडलं आणि नाक वर करून विचारलं की इथे काय शिजवत होतात. सीटच्या फटीत त्याला कुरडईचा पांढरा तुकडा सापडला. तुकडा बोटांत धरून तो पाहत राहिला, एखाद्या सुट्या भागासारखा. मी त्याला आत बोलावलं. तिच्या हातच्या शेवटच्या डब्यातली एक कुरडई तेलात सोडली. ती क्षणात फुलून कढईभर झाली तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. शेजारचे आजोबा वासावर आलेच. डब्यात पाच होत्या, त्या पाचही तळल्या. जपून ठेवायच्या असं ठरवलं होतं, पण ताटात त्या फार सुंदर दिसल्या.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पाकिटावर तिचं नाव, कोपऱ्यात हॉस्पिसचं चिन्ह. मुलगी लीड्सला परत गेली होती. मी ते शब्दकोशांपाशी नेलं, तिथून स्वयंपाकघरात आणलं, चहा ठेवला आणि उघडलं. आभाराच्या चारच ओळी होत्या. मी त्या तिला मोठ्याने वाचून दाखवल्या.