वसुधाकाकूंची विहीर

सत्तेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे १९८४ साली, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या वसुधाकाकूंनी कम्युनिटी कॉलेजात पर्यावरणशास्त्राच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला नाव घातलं आणि अख्ख्या मराठी मंडळाला चघळायला विषय मिळाला.

"काकू, केर काढायलाही आता डिग्री लागते का हो?" मंडळातल्या एकीने विचारलं.

"लागते. पहिलं प्रॅक्टिकल तुझ्याच किचनमध्ये ठेवलंय."

काकूंच्या घरामागे जुन्या जर्दाळूच्या बागेतली विहीर होती. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून घरात विहिरीचंच पाणी, वस्त्रगाळ करून. आदल्या वर्षी लेक रूपाली पहिल्या बाळंतपणाला टेक्ससहून पाचव्या महिन्यातच आली, तेव्हा तिलाही काकूंनी तेच पाजलं. सातव्यात बाळ पोटातच गेलं.

वर्गात सरांनी घरचं पाणी तपासायला आणायला सांगितलं. काकूंनी विहिरीच्या पाण्याची बाटली मोठ्या ऐटीत नेली. त्यात जवळच्या कुठल्याशा कारखान्यातलं सॉल्व्हंट, सुटे भाग धुवायचं विषारी रसायन, निघालं.

"बाळ त्यानेच गेलं का?" काकूंनी विचारलं.

"तसं म्हणता येणार नाही," सर म्हणाले. "'नाही' असंही म्हणता येणार नाही."

रूपालीला पुन्हा दिवस होते. रविवारी तिचा फोन आला. "आई, तिकडे यायला पुढच्या महिन्याचं तिकीट बुक करते."

रिपोर्ट ड्रॉवरमध्ये राहिला असता, तर कुणाला कळलं नसतं. काकूंनी तो शेवटपर्यंत वाचून दाखवला.

रूपालीने त्यातली एक ओळ पुन्हा वाचायला लावली.

"मी इथेच राहते, आई," मग ती म्हणाली. "आणि तू येऊ नकोस."