बिबाची मागची बाजू

आमच्या क्लबात एकच गोष्ट पाप मानली जायची, ती म्हणजे बिब फुकट घालवणं. बिब म्हणजे शर्यतीत छातीवर चार पिनांनी लावायचा नंबराचा कागद. नोंदणी चार-चार महिने आधी करावी लागते आणि चार महिन्यांत माणसाच्या घरी काय वाटेल ते होतं. मुलीचं लग्न ठरतं, गुडघा सुजतो, सासूबाई बाथरूममध्ये पडतात. मग आदल्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज येतो, "बिब आहे, कोणाला हवाय?" आणि पाच मिनिटांत घेणारा सापडतो. हे नियमात बसत नाही असं फॉर्मवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते आमच्यातल्या कुणी कधी वाचलं नव्हतं. सगळे चाळीशी लागलेले, मोठी अक्षरं वाचतानाच आमची दमछाक व्हायची.

क्लब म्हणजे परळ-लालबागमधली पंचवीसेक माणसं. बँकेतले, शाळेतले, एक दातांचा डॉक्टर, माझ्यासारखे सरकारी कचेरीत पंख्याखाली वय घालवलेले. रविवारी पहाटे पाचला जमायचं, दादर, माहीम करत जमेल तितकं धावायचं आणि परत येऊन इडली खात कोण किती धावलं याच्या बढाया मारायच्या. मी साखर वाढली म्हणून आलो होतो. माझा मित्र का आला होता हे मला बरेच दिवस कळलं नाही.

तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. लालबागला एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं, एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर त्याला बाहेर उभं राहावं लागायचं. माझ्याच वयाचा, म्हणजे पंचावन्नच्या पुढचा. बोटं मात्र विलक्षण. चष्मा कपाळावर ठेवून मशीनच्या सुईत दोरा एका झटक्यात ओवायचा, आणि चालू मशीनचा नुसता आवाज ऐकून कुठला स्क्रू सैल आहे ते सांगायचा. क्लबात आम्ही दोघं सर्वांत हळू, म्हणून आमची जोडी जमली. आमच्याकडे पद्धत होती की जे पुढे पोहोचले त्यांनी मागे येऊन शेवटच्याला सोबत करून आणायचं. हा शेवटचा म्हणजे बहुतेक वेळा तो असायचा आणि त्याच्या आधीचा मी.

त्याला एक मेडल हवं होतं. एकवीस किलोमीटर तीन तासांच्या आत पुरं केलं तरच मेडल मिळतं. दोन उन्हाळे तो धावला आणि दोन्ही वेळा तो पोहोचला तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवायला घेतली होती. दुसऱ्या वेळी तर त्याने कामगारांना कमानीचं एक टोक धरायला मदत केली. हसत हसत केली, पण मी त्याचा चेहरा पाहिला होता.

बिबाच्या अदलाबदलीची आम्हाला मजाच वाटायची. एका एप्रिलमध्ये आम्ही घाटातल्या डोंगरवाटेच्या शर्यतीला गेलो होतो. दहा किलोमीटर, सगळा चढ-उतार, पायाखाली तापलेली मुरमाड वाट आणि सावलीला एक झाड नाही. क्लबातल्या एका बाईंना येता आलं नाही, म्हणून त्यांचा बिब याने लावला. कोकणातला माणूस, डोंगरात तो बरा चालायचा. आठवड्याने बाईंच्या मेलवर प्रमाणपत्र आलं. महिला, वय पन्नासच्या वर, तिसरा क्रमांक. त्या गटात एकूण तीनच जणी होत्या ही गोष्ट वेगळी. बाईंनी ते छापून त्याला दिलं, त्याने ते दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी लावलं आणि पुढचे कित्येक महिने आम्ही त्याला मावशी म्हणत होतो.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर त्याचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. दोन गोळ्या सुरू झाल्या, त्यातली एक अंगातलं पाणी काढून टाकणारी. डॉक्टरांनी बजावलं, चाला, पण धावू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याचे धावायचे बूट माळ्यावर टाकले. पुढच्या उन्हाळ्यातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीला त्याने नाव दिलं नाही. मी दिलं होतं.

आता जे सांगतो ते मी अजून क्लबात कुणाला सांगितलेलं नाही. शर्यतीच्या आधीच्या रविवारी सरावाला मी एकटाच गेलो होतो. सकाळचे सात वाजले होते आणि हवा अशी, की तोंडावर कुणीतरी ओला टॉवेल दाबून धरलाय. माहीमच्या आसपास माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि वीस मिनिटं तिथून उठलो नाही. त्या दिवशी मी घाबरलो. पण घाबरलो म्हणून धावत नाही, हे सांगायची लाज वाटली. मित्राला मी सांगितलं की रविवारी कचेरीत तपासणी आहे, मला जमणार नाही, बिब फुकट जाणार.

तो दुकानात मशीनचं खालचं झाकण उघडून बसला होता. हातातला पेचकस त्याने खाली ठेवला.

"माका दी," तो म्हणाला. "घराकडे सांगू नको हां. तिका कळला तर माझीच मशीन खोलून ठेवतली."

मी म्हटलं, अरे, गोळ्या चालू आहेत तुझ्या. तो म्हणाला, गोळ्या चालू आहेत म्हणूनच प्रेशर बरोबर आहे. मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर बिब का देत नाही हे सांगावं लागलं असतं, आणि मग ती पायरी, ती अंधारी, सगळंच बाहेर आलं असतं. शिवाय आमच्यात बिब कुणी नाकारत नसे. मी घरून पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. माळ्यावरचे बूट त्याने कसे काढले कोण जाणे.

बिबाच्या मागच्या बाजूला एक चौकोन असतो. नाव, रक्तगट, चालू असलेली औषधं, अडचणीत कुणाला कळवायचं त्याचा नंबर. तो मी पाकीट मिळालं त्याच दिवशी टापटिपीने भरून टाकला होता. सरकारी माणूस, रिकामा रकाना मला बघवत नाही. औषधांच्या पुढे मी लिहिलं होतं, काही नाही.

त्या रविवारी मी घरी एकटा होतो. बायको आदल्या दिवसापासून अँटॉप हिलला बहिणीकडे गेली होती. मी धावत नाही हे तिला सांगायचं राहून गेलं होतं, म्हणजे खरं तर मी सांगितलं नव्हतं. साडेआठच्या सुमाराला माझ्या फोनवर आयोजकांचा मेसेज आला. अभिनंदन, खाली माझं नाव आणि वेळ, दोन तास छप्पन्न मिनिटं.

मी पलंगावर उठून बसलो आणि एकटाच हसलो. तीन तासांच्या आत. मी तो मेसेज तसाच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आपल्या मावशीने केलं. अंगठे आले, हार आले, नाचणारी चित्रं आली. मग फोन उशाशी ठेवून मी निवांत पुन्हा झोपलो. फोन रात्रीपासून आवाज बंद करून ठेवलेला होता.

क्लबातले बाकीचे त्या वेळी खाण्याच्या स्टॉलपाशी उभे होते. शेवटच्याला आणायला दोघं जण मागे निघालेही होते. माझा मेसेज पाहून ते परत फिरले. पोहोचलाय की, येईल मेडल घालून, असं म्हणाले. त्यांचं काहीच चुकलं नाही. तो शेवटची रेषा ओलांडून वीस-पंचवीस पावलं चालला होता आणि मेडल देणाऱ्या टेबलाच्या अलीकडे, ओळखीचं कुणी नसलेल्या गर्दीत, खाली पडला होता.

तिथल्या लोकांनी बिब उलटा केला आणि मी तिथे लिहिलेला माझ्या बायकोचा नंबर फिरवला. तुमचे मिस्टर पडलेत, परळला हॉस्पिटलमध्ये नेतोय. बायको गाऊनवरच ओढणी घेऊन टॅक्सीत बसली. वाटेत तिने मला सतरा वेळा फोन केला. हॉस्पिटलात पडदा सरकवला तेव्हा खाटेवर मी नव्हतो. ती सांगते, त्या क्षणी तिला हसू आलं. मोठ्याने हसली ती, सिस्टर बघत राहिली. त्या हसण्यावरून ती अजूनही स्वतःला बोल लावते.

तोवर पाऊण तास तो माझं नाव घेऊन तिथे पडला होता. मनगटावरच्या पट्टीवर माझं नाव, केसपेपरवर माझं नाव. औषधं, काही नाही. जाग आल्यावर ते सतरा फोन पाहून मी पोहोचलो तेव्हा तो कागद खाटेच्या पायाशी अडकवलेला होता. त्यावर एक ओळ होती, ती वाचायला मला चष्मा लागला नाही. नावाने हाक मारली असता प्रतिसाद नाही. ते त्याला माझ्या नावाने हाका मारत होते.

वहिनींना कळवायला मी गेलो. हे काम दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्या घावणे घालत होत्या. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर गॅलरीभर वास सुटला होता. मला दारात बघून त्यांनी गॅस बारीक केला.

"भावोजी, ते शिवाजी पार्काला चालायला गेलेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाय गेलात?"

मी काय सांगितलं ते मला शब्दशः आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तव्यावरचा घावणा उतरवला, गॅस बंद केला, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घातली आणि चपला घालताना एवढंच विचारलं, "तुमच्या नंबराचा कागद त्यांच्याकडे कसा?"

डॉक्टर म्हणाले, अंगात भयंकर ताप चढला होता, त्यात गोळीने पाणी कमी झालेलं. पाऊण तास आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, असं मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. वाईट उत्तराची माणसाला कधी तरी सवय होते. या उत्तराची मला झालेली नाही.

अठरा दिवसांनी तो घरी आला. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग उष्णतेने गेला, तो परत येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. चालताना तो दोन्ही पाय फाकवून, भिंत धरून चालतो. शब्द ओढत बोलतो. हात कापतात. सुरुवातीला एकदा त्याने घरातल्या मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. मी आणि वहिनी बघत होतो. बऱ्याच वेळाने वहिनींनी त्याच्या हातातून दोरा काढून घेतला. दुकान बंद झालं. त्या जिन्याखाली आता कुणी मोबाइलची कव्हरं विकतं.

क्लब चालू आहे. दोन महिने ग्रुपवर सगळे हळहळले, नियम करायचे ठरले. मग तिसऱ्या महिन्यात एक मेसेज आला, बिब आहे, कोणाला हवाय? पाच मिनिटांत घेणारा सापडला. मी तो मेसेज वाचला आणि काही लिहिलं नाही. लिहिण्याचा अधिकार मला राहिला नव्हता, आणि लिहून काही झालंही नसतं.

रविवारी सकाळी मी आता त्याच्याकडे जातो. जिन्यापासून नळापर्यंत गॅलरी त्याच्या पावलांनी साठ पावलं आहे. तो भिंतीच्या बाजूने, मी कठड्याच्या बाजूने. गेल्या वर्षी दोन फेऱ्या व्हायच्या, आता एकच होते. वहिनी मला चहा देतात, बोलत नाहीत. हे मला योग्यच वाटतं.

मध्यंतरी आयोजकांकडून माझ्या पत्त्यावर एक पाकीट आलं. ज्यांचं त्या दिवशी न्यायचं राहिलं त्यांचं मेडल आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर माझं नाव, खाली दोन तास छप्पन्न मिनिटं. ते आठ दिवस मी कपाटात ठेवलं आणि शेवटी त्याच्याकडे घेऊन गेलो. वस्तू त्याची होती.

तो पलंगावर बसला होता. त्या दिवसाचं, त्याच्या आधीच्या आठवड्याचंही, त्याला काही आठवत नाही. मी मेडल त्याच्या हातात दिलं. त्याने ते कापऱ्या बोटांनी उलटंसुलटं करून पाहिलं. मग प्रमाणपत्र डोळ्यांजवळ नेलं आणि एकेक अक्षर लावत माझं नाव वाचलं. वेळ वाचली. त्याचा चेहरा इतका उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"केलंस रे शेवटी," तो म्हणाला आणि मेडलची फीत माझ्या गळ्यात घालायला धडपडू लागला. मी मान खाली केली. दोनदा त्याचा हात चुकला, तिसऱ्यांदा फीत गळ्यात पडली. वहिनी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"उकाडो होतो काय रे खूप?" त्याने विचारलं.

"होता," मी म्हटलं.

त्याने पुन्हा कागदाकडे पाहिलं. काहीतरी आठवायचा प्रयत्न करताना त्याचं डोकं हलतं, तसं हललं.

"आणि मी खंय होतंय तेव्हा?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या तोंडावर पदर धरून आत निघून गेल्या.

"घरी," मी म्हटलं. "घरी झोपला होतास."