मायच्या फोटोमागे केलेली सही

अर्जदार : मी स्वतः, वय बावन्न, शिक्षण आठवी, धंदा कचेरीसमोर अर्ज लिहिणे, राहणार राजापेठ, अमरावती.
गैरअर्जदार : माझी थोरली बहीण, राहणार अकोला.
तारीख : गेल्या हिवाळ्यातला एक रविवार.
साक्षीदार : माझी पत्नी. ती माझ्या बाजूने बोलणार नाही, हे आधीच नमूद करतो.
घरच्या अब्रूस्तव नावे देत नाही.

आमच्या मायचा एकच फोटो आहे. ती वारली तेव्हा मी पाळण्यात होतो, बहीण अकरा वर्षांची. मला सांभाळण्यासाठी तिची शाळा सुटली. फोटो तिने पावडरच्या डब्यात गुंडाळून ठेवला. इतक्या वर्षांत त्याची घट्ट सुरळी झाली. उलगडू गेले की कडा तडकत. त्यामुळे मायचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता.

"फक्त सरळ कर. बाकी काई करू नोको," असे बजावून बहिणीने डबा माझ्या हाती दिला.

काम मी पद्धतशीर केले. पातेल्यात थोडे पाणी, त्यावर जाळी, जाळीवर सुरळी, वर झाकण. चार तासांनी कागद सैलावला. टीपकागदावर तो बोटाबोटाने उलगडला आणि बावन्नाव्या वर्षी माय पाहिली. कॅमेऱ्यावर रागावलेली. थेट बहिणीसारखी.

आता वजनाखाली दोन दिवस ठेवणे, एवढेच उरले होते. परंतु नावगाव न घालता कागद हातावेगळा करणे मला जमत नाही. ओलसर फोटो पालथा घालून मी मागे मायचे नाव, माहेर वलगाव, फोटो कोणाच्या ताब्यात, हे सर्व लिहिले. शेवटी 'दुरुस्त करणार' म्हणून सही ठोकली. तीन कार्बनांखाली उमटावे, असा माझा हात आहे.

"पेन हाती आला का तुमाले भानच राहत नाही," पत्नी म्हणाली. "पलटवून पाहा आता."

पलटवला. माझी सही उलटी होऊन मायच्या गालावर उठून आली होती. पुन्हा ओल दिली, आठ दिवस वजन ठेवले. ती बसली नाही.

अकोल्यात बहिणीने त्या गालावरून बराच वेळ बोट फिरवले.

"मायचं नाव मले ठाऊक नव्हतं काय रे? कोनासाठी लिवलं?"

"पुरावा म्हणून."

"कायचा पुरावा, बाप्पा? मायच्या तोंडावर सही करून आला तू. जाय आता."

तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.

तिची शाळा सुटली म्हणून मला आठ इयत्ता मिळाल्या, आणि त्यांचा उपयोग मी असा केला. हा गुन्हा मला मान्य आहे. पण ती एकट्या बहिणीचीच माय होती काय? बहिणीला तिचा आवाजही आठवतो. माझ्याजवळ त्या रविवारचा अर्धा तास आहे, आणि तोही मी लिहिण्यात घालवला.

सबब विनंती की, फोटो बहिणीच्याच ताब्यात राहावा. त्यावर मी हक्क सांगत नाही. मात्र वर्षातून एकदा, तिच्यासमोर बसून, हात न लावता, मला तो पाहू द्यावा. नकार असल्यास तो दोन ओळींत लिहून कळवावा. फोन न उचलणे हे उत्तर मी धरत नाही.